विमान शिकायला लागलात आणि पोटात गोळा येतोय? मग हे वाचा

माझ्या आत्येभावाच्या मुलीला एसपीएल मिळालं, म्हणजे स्टुडंट पायलट लायसन. पहिल्या फ्लाइटच्या आदल्या रात्री साडेअकराला तिचा मेसेज, "काका, झोपच येऊन नाही राहिली. जमेल ना मला?" तेव्हा फोनवर जेवढं सुचलं तेवढं बोललो पण बरंच राहून गेलं, ते आता सावकाश लिहितोय, तिच्यासाठी आणि नागपुरात किंवा गोंदियाकडे, कुठेही शिकायला लागलेल्या सगळ्या पोरापोरींसाठी.

मी स्वतः सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, सेसना १५२ वर शिकलो. दोन सीटचं विमान, ११० हॉर्सपॉवरचं इंजिन, आत बसलं की सरांचा खांदा आपल्या खांद्याला लागतो एवढी जागा. पहिल्या सहा-सात फ्लाइट मी भीती दाबून ठेवली. सरांना वाटायचं याचं लक्षच नाही, कारण ते सांगायचे बाहेर बघ, क्षितिज बघ, आणि माझे डोळे स्पीडच्या काट्यावरून हलत नव्हते. शेवटी एक दिवस खाली उतरल्यावर सांगून टाकलं की सर, उजवीकडे वळताना मला वाटतं विमान त्या बाजूला घसरत जाईल आणि सरळच होणार नाही. सर म्हणाले, "अरे मग पहिल्याच दिवशी बोलायचं ना बाप्पा." दुसऱ्या दिवशी अर्धा तास फक्त वळणं केली, आधी १० डिग्री, मग २०, मग ३०, प्रत्येक वळणातून विमान परत सरळ मीच करायचं, सरांचे हात मांडीवर. जी भीती मी पंधरा दिवस घेऊन फिरत होतो ती त्या अर्ध्या तासात गेली.

म्हणून सगळ्यात आधी एक छोटी वही घ्या आणि त्यात भीती लिहा, पण "भीती वाटते" असं लिहू नका, त्याचं कोणीच काही करू शकत नाही. नेमकं कधी वाटते, हात कुठे होते, कानाला काय ऐकू येत होतं, ते लिहा. "टेकऑफ झाल्यावर सर पॉवर थोडी कमी करतात तेव्हा इंजिनचा आवाज बदलतो आणि छातीत धस्स होतं." हे वाक्य घेऊन तुम्ही सरांकडे किंवा मॅडमकडे गेलात की त्यांना कळतं काय दाखवायचं. ब्रीफिंगच्या वेळीच बोला, हवेत नाही, हवेत डोकं निम्मंच चालतं. आणि सर रागावतील, फाइलवर काही लिहितील असं मनात आणू नका. इन्स्ट्रक्टर लोकांनी घाबरलेले विद्यार्थी ढिगाने पाहिलेले असतात, त्यांना खरी काळजी गप्प बसणाऱ्याची असते.

आता सगळ्यांच्या मनातली मोठी भीती, विमान पडेल.

विमानाला इंजिन वर धरून ठेवत नाही, पंख धरून ठेवतात. पंखावरून हवा नीट वाहत राहिली की विमान हवेत राहतं. क्लबमध्ये सारखा स्टॉल स्टॉल शब्द ऐकू येतो आणि नवीन माणसाला वाटतं स्टॉल म्हणजे गाडी बंद पडल्यासारखं इंजिन बंद पडणं, तसं नाहीये. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातला कोन साधारण १५-१६ डिग्रीच्या पुढे गेला की हवा पंखाला चिकटून वाहत नाही, तुटते, आणि पंखाची उचल एकदम कमी होते, एवढंच. इंजिन फुल चालू असतानाही स्टॉल होतो आणि इंजिन बंद असतानाही विमान स्टॉल न होता छान तरंगत खाली येतं. १५२ मध्ये तर ते आधी सांगतं पण. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं, कोन वाढला की त्यातून हवा ओढली जाते आणि आत पिपाणीसारखा आवाज यायला लागतो, स्टॉलच्या ५ ते १० नॉट (नॉट म्हणजे विमानाच्या वेगाचं माप) आधीच. पहिल्यांदा तो आवाज ऐकला की अंगावर काटा येतो. तर सरांना सांगा की मला तो आवाज मुद्दाम ऐकायचा आहे, चांगल्या उंचीवर, जमिनीपासून तीनेक हजार फूट तरी वर. नाक हळूहळू वर, पिपाणी, मग थरथर, मग नाक आपोआप खाली झुकतं. तुम्ही योक, म्हणजे हातातलं स्टिअरिंग, पुढे ढिला सोडायचा, फुल पॉवर, पंख लेव्हल, की विमान परत उडायला लागतं. सगळ्यात मिळून दीड-दोनशे फूट उंची जाते. चार वेळा केलं की पाचव्यांदा हात आधी पुढे जातो आणि मग मनाला कळतं.

याच दिवशी अजून एक मागून घ्या. विमान ट्रिम करून, म्हणजे ते छोटं चाक फिरवून योकवरचा जोर शून्य करून, दोन्ही हात सोडायचे. काही होत नाही. विमान सरळ जात राहतं, थोडं डुललं तर स्वतःच सावरतं, ते बनवलंच तसं आहे. माझी मूठ इतकी घट्ट असायची की खाली उतरल्यावर बोटं उघडायला वेळ लागायचा. सरांनी मला एक पेन्सिल दिली, मधल्या बोटाच्या वरून आणि बाजूच्या दोन बोटांच्या खालून घालायची आणि मग योक धरायचा. मूठ आवळली की पेन्सिल बोटांत रुतते आणि लगेच कळतं. दोन फ्लाइट ती पेन्सिल घालून उडलो आणि विमान तेव्हा पहिल्यांदा हाताला जाणवलं, तोवर मी त्याच्याशी कुस्तीच खेळत होतो. करून बघा, खरंच.

इंजिन बंद पडलं तर? हा प्रश्न घरचे विचारतात आणि आपण पण रात्री स्वतःला विचारतो. १५२ साठी ग्लाइडचा स्पीड ६० नॉट, हा आकडा झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आला पाहिजे. जमिनीपासून ३,००० फुटांवर असाल आणि वारा नसेल तर साधारण आठ किलोमीटर पुढे जाता येतं आणि हातात चारेक मिनिटं असतात. आठ किलोमीटर म्हणजे सीताबर्डी ते विमानतळ धरा. चार मिनिटं ऐकायला कमी वाटतात पण घड्याळ लावून डोळे मिटून एकदा चार मिनिटं गप्प बसा, कळेल किती मोठी आहेत. पहिलं काम स्पीड ६०, दुसरं काम मैदान निवडणं, मग परत चालू करायचा प्रयत्न, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ), इंधनाचा वॉल्व्ह, मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण), चावी बोथवर (दोन्ही मॅग्नेटोंवर) आहे का, आणि मग मेडे कॉल, म्हणजे रेडिओवर संकटाचा संदेश. क्रम हाच. आपल्या भागाचं एक चांगलं आहे, बुटीबोरीकडे काय किंवा उमरेडकडे काय, जमीन बऱ्यापैकी सपाट आणि शेतंच शेतं. मोठं शेत बघायचं, विजेच्या तारा नाहीत ना ते बघायचं, वाऱ्याच्या तोंडावर उतरायचं. प्रत्येक फ्लाइटमध्ये दर पाच मिनिटांनी मनात म्हणायचं "आत्ता बंद पडलं तर कुठे?" आणि बोटाने शेत दाखवायचं. मला आधी वाटलं याने भीती वाढेल. उलट झालं, कारण उत्तर रोज खाली समोरच दिसत होतं.

आणि मुळात इंजिन बंद पडू नये म्हणून जे करतो ते मन लावून करा, घाईत टिकमार्क नको. या इंजिनला दोन मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी देणारी यंत्रं, असतात, एक गेला तरी दुसऱ्यावर चालतं, म्हणून रनअपला, म्हणजे उडण्याआधी इंजिन तपासताना, १७०० आरपीएमवर दोन्ही वेगवेगळे तपासतो. पंखाखालून इंधनाचा नमुना काढतो तो पारदर्शक कप नीट बघा. ॲव्हगॅस, म्हणजे या विमानाचं पेट्रोल, हलक्या निळ्या रंगाचं असतं, पाणी जड म्हणून खाली बसतं. ऑगस्टमध्ये रात्रभर पाऊस होऊन गेलेल्या एका सकाळी मी कप वर उजेडात धरला आणि निळ्याच्या तळाशी साबुदाण्याच्या दाण्याएवढा एक पारदर्शक थेंब, कप हलवला की तो तळाला गोल गोल फिरतोय. परत काढलं, परत थेंब, तिसऱ्यांदा स्वच्छ निळं. त्यानंतरही मी अजून दोनदा काढलं आणि सरांना बोलावून दाखवलं. त्या दिवशी उडताना मनात इंजिनची शंका आली नाही, कारण शंकेचा थेंब मी स्वतःच्या हाताने काढून फेकला होता. ज्यांना खूप टेन्शन येतं त्यांनी इन्स्पेक्शनला वीस मिनिटं आधी या. घाईत केलेल्या इन्स्पेक्शनची हुरहुर पूर्ण फ्लाइटभर पुरते.

आता आपलं नागपूर आणि आपला उन्हाळा. हे वेगळं सांगावं लागतं कारण पुस्तकातले आकडे थंड दिवसाचे असतात. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या थोडा वर. मे मध्ये ४५ डिग्री असलं की हवा इतकी पातळ होते की विमानाला वाटतं आपण ५,००० फुटांवरच्या रनवेवर उभे आहोत. मग जमिनीवर जास्त धावतं, चढतं हळूहळू, आणि नवीन माणसाला वाटतं इंजिनमध्ये काहीतरी गडबड आहे. गडबड नसते. आदल्या दिवशी सरांसोबत परफॉर्मन्स चार्ट काढून बसा, आज किती मीटर लागणार ते आधीच लिहून ठेवा, मग तेवढेच लागले की घाबरायचं कारण उरत नाही. आणि लागले नाहीत, जास्त लागायला लागले, तर थांबायचं कारण मिळतं, ते पण महत्त्वाचं.

दहा-साडेदहानंतर हवा उकळायला लागते. काळ्या मातीचं नांगरलेलं शेत तापतं आणि त्यावरून जाताना विमान वर उचललं जातं, अंबाझरीच्या पाण्यावर आलं की खाली बसतं. पोटात जे होतं ते यामुळे. विमानाला त्याचं काही नाही, १५२ ची रचना फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली-वर होणारे भाग) वर असताना स्वतःच्या वजनाच्या ४.४ पट भार सोसेल अशी केलेली आहे आणि असल्या साध्या धक्क्यांत तुम्ही त्याच्या जवळपास पण जात नाही. बेल्ट ओढून घ्या, स्पीड जास्त ठेवू नका, प्रत्येक धक्क्याला योकने उत्तर देऊ नका. पण अगदी सुरुवातीचे दहा तास शक्य झालं तर सकाळी सहा-सातचा स्लॉटच मागा, हट्ट धरून मागा. हवा शांत असते, आपण काय केल्याने विमान काय करतं ते स्पष्ट कळतं. पहिलीच फ्लाइट मे महिन्यात दुपारी झाली म्हणून विमान सोडून दिलेला एक मुलगा मला माहीत आहे, चांगला शिकला असता तो, अजून वाईट वाटतं.

उलटी होईल ही भीती असेल तर उपाशी पोटी येऊ नका, उपाशी पोटी जास्त होते. दोन घास पोहे खा, तर्री मात्र उतरल्यावर. नजर लांब क्षितिजावर ठेवा, हवेचा व्हेंट तोंडावर घ्या, पिशवी खिशात असू द्या. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊन विमानात बसू नका, बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. सर्दी असेल तर त्या दिवशी सुट्टी, कान फार दुखतात.

रेडिओ. यावर थोडं जास्त लिहितो कारण आमच्याकडे मराठी मीडियममधून आलेली पोरं इथेच खचतात. काटोल, हिंगणघाट, भंडारा, अशा ठिकाणाहून आलेली हुशार मुलं, गणित पक्कं, मेटिऑरॉलॉजी पाठ, पण टॉवरचा आवाज आला की घसा कोरडा. त्यांना वाटतं इंग्रजी चांगलं नाही म्हणून आपण पायलट होऊच शकत नाही. अरे ते बोलणं म्हणजे गप्पा नाहीत! टॉवर काय काय बोलू शकतो ते मोजकंच असतं आणि कधी काय बोलणार तेही जवळपास ठरलेलं असतं. टॅक्सीच्या आधी टॅक्सीचंच बोलणार, वारा सांगणार, क्यूएनएच (उंचीच्या काट्यावर लावायचा हवेच्या दाबाचा आकडा) सांगणार, रनवे सांगणार. आधीच कागदावर रिकाम्या जागा सोडून वाक्य लिहून ठेवा आणि ऐकता ऐकता फक्त आकडे भरा, मग तेच वाचून दाखवा, झाला रीडबॅक. मी वर्धा रोडवरून ॲक्टिव्हाने येताना हेल्मेटच्या आत मोठ्याने बोलायचो, अल्फा, ब्राव्हो, चार्ली, पुढच्या गाड्यांचे नंबरप्लेट सगळे फोनेटिकमध्ये. पंधरा दिवसांत जीभ वळली. कळलं नाही तर "से अगेन" म्हणा, वेळ हवा असेल तर "स्टँडबाय". हे लाजायचे शब्द नाहीत, मोठ्या विमानांचे कॅप्टन पण रोज म्हणतात. न कळता "रॉजर" म्हणणं मात्र कधीच नाही. आणि विमान आधी उडवायचं, मग कुठे जातोय ते बघायचं, बोलणं तिसऱ्या नंबरवर. टॉवर दोन सेकंद थांबेल.

लँडिंगची भीती तासांनी जाते, त्याला शॉर्टकट नाही, पण दोन गोष्टी सांगतो. पहिली, रनवे संपेल ही भीती सोनेगावला तरी सोडून द्या, ३,२०० मीटर आहे तो, १५२ ला टेकल्यावर थांबायला दीड-दोनशे मीटर पुष्कळ. पण तो ४५ मीटर रुंद आहे आणि रुंद रनवेवर डोळा फसतो, आपण आहोत त्यापेक्षा खाली आलोय असं वाटतं आणि माणूस उंचावरच फ्लेअर करून, म्हणजे टेकण्याआधी घ्यायचं तसं नाक वर घेऊन, बसतो, मग धाडकन. छोट्या धावपट्टीवर गेलात की बरोबर उलटं होतं. फ्लेअरच्या वेळी नाकासमोरच्या जमिनीकडे बघू नका, रनवेच्या लांबच्या टोकाकडे बघा. दुसरी गोष्ट गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर जाणं. फायनलला, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत उतरत येताना, काहीही आवडलं नाही, स्पीड, उंची, वारा, मध्येच घार आली, फुल पॉवर, कार्ब हीट आत म्हणजे बंद, फ्लॅप २० डिग्रीवर, ५५ नॉट, चढा. कोणाला विचारायची गरज नाही. ज्या दिवशी सरांनी न सांगता मी स्वतःहून पहिला गो-अराउंड मारला त्या दिवशी मला लँडिंगची भीती उरली नाही, कारण उतरणं सक्तीचं नाही हे हाताला कळलं होतं. तेव्हा लँडिंग शिकायच्या आधी गो-अराउंड पक्का करून मागा.

मेडिकलचं टेन्शन लवकर संपवा. चष्मा असला म्हणून कोणी बाद होत नाही, चष्म्याने नीट दिसलं पाहिजे. एसपीएलला क्लास टू मेडिकल लागतं, पण पुढे सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन, करून नोकरी करायची असेल तर २०० तासांचे पैसे भरायच्या आधीच क्लास वन पण करून घ्या. मधेच काही निघालं तर घरच्यांची जमापुंजी अडकते, आणि ती भीती मग प्रत्येक फ्लाइटला सोबत बसते. पैशाचंच अजून एक, पैसे जमतील तसं महिन्यातून एकदा उडण्यापेक्षा थोडं थांबा, जमवा आणि मग आठवड्यातून तीन-चारदा उडा. मोठा खंड पडला की हात विसरतो आणि भीती परत येते, मग तेच धडे दुसऱ्यांदा विकत घ्यावे लागतात.

घरच्यांचं काय करायचं. माझी आई रोज सकाळी दारात उभी राहून विचारायची, "काऊन जातं बाप्पा, दुसरं काही शिक ना." मी चिडायचो. चिडायला नको होतं. एका रविवारी तिला परवानगी काढून क्लबमध्ये घेऊन गेलो, विमान दाखवलं, तो निळ्या इंधनाचा कप तिच्या हातात दिला, सरांशी भेट घालून दिली. माझे आजोबा तिला तरुणपणी सांगायचे म्हणे की १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही बाजूंनी रात्रीची टपालाची विमानं मध्यरात्री आपल्या सोनेगावलाच यायची आणि टपालाची अदलाबदल करून परत जायची. तिथे उभं राहून तिने ते सगळं सरांना सांगितलं. त्या दिवसानंतर ती फक्त एवढंच विचारायची, आज वारा किती आहे.

पहिला सोलो, म्हणजे एकट्याने उडणं, कधी होणार हे आधीच विचारत बसू नका, दुसऱ्याचा कितव्या तासाला झाला ते पण मोजू नका. सर ठरवतात आणि ते उगाच ठरवत नाहीत. त्या दिवशी दोन-तीन सर्किट, म्हणजे रनवेभोवतीच्या फेऱ्या, सोबत करून सर उतरतील. विमान हलकं झालेलं असेल, नेहमीपेक्षा लवकर उचलेल आणि भरभर चढेल, दचकू नका. सर्किटची उंची जमिनीपासून १,००० फूट म्हणजे आपल्याकडे अल्टिमीटरवर साधारण २,०००, ती नेहमीच्या जागेच्या आधीच येईल. डाउनविंडला, म्हणजे रनवेला समांतर उलट्या दिशेने जाताना, चेक मोठ्याने बोलून करा, सर बाजूला आहेत असं समजूनच.

आणि हो, सर उतरताना त्यांच्या सीटचा बेल्ट नीट लावून घट्ट करतील, सैल राहिला तर कंट्रोलमध्ये अडकू शकतो म्हणून. तरी दार लागल्यावर तुम्ही स्वतः एकदा हात लांब करून तो ओढून बघा.